माफी मिळाली, हिशेब राहिला

नाताळच्या आठवड्यात आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. त्या गटात दोघी जणी ख्रिस्ती वस्तीवरच्या आहेत. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, चहा आला आणि त्यांच्यातल्या एकीनं मोबाइलवर एक इंग्रजी भक्तिगीत लावलं. चाल इतकी संथ आणि गोड की सगळ्या गप्प बसून ऐकत राहिल्या. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "हे गीत लिहिणारा माणूस आधी गुलामांचा व्यापार करायचा. देवानं त्याला माफ केलं आणि तो पाद्री झाला."

कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "देवानं माफ केलं ते बरं झालं. पण ज्यांना त्यानं विकलं, त्यांचं काय?"

याचं उत्तर बैठकीत कुणालाच देता आलं नाही. आम्हालाही नाही. शिवाय त्या प्रश्नानं आम्हाला आमच्याच गटातली एक गोष्ट टोचली. ती शेवटी सांगू. आधी त्या माणसाबद्दल आम्ही जे वाचून काढलं, ते आजच्या भागात तुमच्यापुढे ठेवतो.

त्याचं नाव जॉन न्यूटन. झाडावरून सफरचंद पडताना पाहणारा न्यूटन वेगळा, हा वेगळा. हा जन्मला १७२५ साली लंडनमध्ये. बाप जहाजाचा कप्तान. आई देवभोळी, पण मुलगा सात वर्षांचा व्हायच्या आत ती गेली. अकराव्या वर्षी बापानं त्याला समुद्रावर नेलं. पुढे आरमाराच्या लोकांनी त्याला जबरदस्तीनं भरती केलं. तो पळून गेला, सापडला, फटके खाल्ले. शेवटी तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आज ज्याला सिएरा लिओन म्हणतात त्या भागात, एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याकडे कामाला राहिला.

इथली एक गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथं न्यूटन तापानं आजारी पडला. व्यापाऱ्याच्या घरात त्याचे हाल झाले, पोटाला अन्न मिळेना. तेव्हा साखळदंडात बांधलेल्या गुलामांनी, ज्यांना स्वतःलाच मूठभर मिळायचं, त्यांनी त्यातलं थोडं लपवून त्याला आणून दिलं. हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे या माणसावर ख्रिस्ती धर्म सांगतो तसं निरपेक्ष प्रेम पहिल्यांदा कुणी केलं असेल, तर ते त्या बेड्या घातलेल्या माणसांनी. आणि पुढे त्याच किनाऱ्यावरून हा माणसं विकत घेऊन जहाजात भरणार होता.

१७४८ च्या मार्च महिन्यात, इंग्लंडला परतताना, अटलांटिक महासागरात त्याचं जहाज वादळात सापडलं. लाकडं फुटली, पाणी आत शिरलं. तासन् तास पाणी उपसताना त्यानं देवाचा धावा केला. जहाज कसंबसं आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं. तो दिवस न्यूटननं आयुष्यभर पाळला. त्याच्या मते त्या दिवशी देवानं त्याला पदरात घेतलं.

आता इथं आपल्याला वाटेल, संपली गोष्ट. वाल्याचा वाल्मीकी झाला. पण तसं झालं नाही. त्या वादळानंतर न्यूटन पुन्हा गुलामांच्या जहाजावर गेला. १७५० ते १७५४ या काळात त्यानं कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. इंग्लंडहून माल घेऊन आफ्रिकेला जायचं, मालाच्या बदल्यात माणसं घ्यायची, ती वेस्ट इंडीजच्या बेटांवर उसाच्या मळेवाल्यांना विकायची आणि परत यायचं, असा तो फेरा होता. वेस्ट इंडीज म्हणजे ज्यांची क्रिकेटची टीम आपण टीव्हीवर बघतो तीच बेटं. त्या खेळाडूंपैकी बऱ्याच जणांचे पूर्वज असेच जहाजांतून आणलेले. सगळे देश मिळून जवळपास सव्वा कोटी माणसं आफ्रिकेतून अशी भरून नेली, त्यातली लाखो वाटेतच मेली.

न्यूटनच्या जहाजावर वर डेकवर रविवारची प्रार्थना व्हायची. खाली अंधारात माणसं साखळीला बांधलेली असायची. आपल्या बायकोला तो प्रेमळ पत्रं लिहायचा. आणि त्याच काळातल्या त्याच्या रोजनिशीत नोंद आहे की बंडाचा संशय आला म्हणून त्यानं काही पोरांच्या अंगठ्यांना शिकंजा लावला. ढोंगी होता म्हणावं, तर तसंही नाही. त्यानं पुढे प्रामाणिकपणे लिहिलंय की तेव्हा या धंद्यात काही पाप आहे असं त्याच्या मनातच आलं नव्हतं. धंदा सुटला तोही मनानं नाही. १७५४ साली त्याला अचानक झटका आला आणि डॉक्टरांनी सफर करू नको म्हणून सांगितलं.

मग लिव्हरपूल बंदरावर जकातीची नोकरी, नंतर १७६४ साली ओल्नी नावाच्या छोट्या गावात धर्मगुरूचं काम. त्या गावात गरीब बायका हातानं लेस विणून पोट भरायच्या. त्यांच्यात न्यूटन लोकप्रिय होता असं दिसतं. १७७३ च्या नववर्षाच्या उपासनेसाठी त्यानं ते गीत लिहिलं, 'अमेझिंग ग्रेस'. अमेझिंग ग्रेस म्हणजे थक्क करणारी कृपा. गीत सुंदर आहे. पण आम्ही ते अर्थ लावून नीट वाचलं. त्यात वाचवला गेलेला एकच माणूस आहे, लिहिणारा. जहाजाच्या तळाशी बांधलेल्यांबद्दल त्यात एक अक्षर नाही.

ख्रिस्ती धर्मात माफी आहे हे आपण सगळ्या ऐकून आहोत. पण भरपाईही आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. वस्तीवरच्या ताईंनीच ते दाखवलं. बायबलमध्ये जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. लोकांना लुबाडून तो श्रीमंत झाला होता. उंचीनं बुटका, म्हणून येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला आणि जक्कय बदलला. पण त्यानं नुसतं 'चुकलो' म्हटलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्याला ज्याला फसवलं त्याला चौपट परत करीन, असा आकडा त्यानं सगळ्यांसमोर सांगितला. दुसऱ्या एका ठिकाणी येशू सांगतो की तू वेदीवर अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. म्हणजे दुखावलेल्या माणसाचं दार आधी, देवाचं नंतर. न्यूटनला या दोन्ही गोष्टी पाठ असणार. तो तर रोज उपदेश करत होता.

तरी त्याचं तोंड उघडायला १७८८ साल उजाडलं. वादळाला ४० वर्षं झाली होती, धंदा सोडून ३४. तोवर तो लंडनच्या एका चर्चमध्ये नावाजलेला धर्मगुरू होता, वय ६२. काळ बदलला होता. १७८७ साली लंडनमध्ये १२ जणांनी मिळून गुलामांचा व्यापार बंद करायला समिती काढली. त्यातले बहुतेक क्वेकर पंथाचे होते. संसदेत हा विषय घेणारा विल्बरफोर्स हा तरुण खासदार काही वर्षांपूर्वी न्यूटनकडेच सल्ला मागायला आला होता. आता मात्र सल्ला देऊन भागणार नव्हतं. न्यूटननं गुलामांच्या व्यापारावर एक पुस्तिका लिहिली आणि त्यावर आपलं नाव घातलं. त्यात त्यानं मान्य केलं की ही कबुली फार उशिरा येतेय आणि आपण या धंद्यात हात घातला होता याची लाज आपल्याला कायम राहील.

ही पुस्तिका आम्हाला गीताहून मोठी वाटते. कारण तिच्यात तपशील आहे. फळीवर पुस्तकं रचावीत तशी माणसं कशी खेटून झोपवत, किती मरत, जहाजावर बायका-मुलींच्या अब्रूचं काय होई, हे सगळं. एक प्रसंग वाचताना आम्ही थांबलो. एका खलाशी अधिकाऱ्यानं किनाऱ्यावर एक तरुण बाई विकत घेतली, तिच्या कडेवर वर्षाचं लेकरू. रात्री होडीत लेकरू रडायला लागलं. त्याची झोप मोडली म्हणून त्यानं ते आईच्या हातातून हिसकून समुद्रात फेकलं. आणि आईला मात्र फेकलं नाही, कारण तिला किंमत येणार होती.

पुस्तिका खासदारांपर्यंत पोहोचवली गेली. न्यूटननं सरकारी समितीपुढे आणि १७९० साली संसदेच्या समितीपुढे साक्षही दिली. समोर व्यापारी सांगत होते की जहाजावर गुलाम आनंदात असतात, नाचतात-गातात. त्यांना खोटं पाडायला ऐकीव माहिती कामाची नव्हती, जहाज चालवलेला कप्तानच हवा होता. १७९१ साली संसदेत ठराव पडला. पुढेही वारंवार पडला. अखेर मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश जहाजांचा गुलाम-व्यापार कायद्यानं बंद झाला. न्यूटन तेव्हा ८१ वर्षांचा होता, डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो गेला.

त्यानं केलं ते थोडं नाही, असं आमचं मत आहे. म्हातारपणी, मान-मरातब असताना, चारचौघांत आपलं पाप नावानिशी सांगणं सोपं नसतं. पण आजींच्या प्रश्नाचं उत्तर अजून अर्धंच मिळालं. व्यापार थांबला, गुलामी थांबली नव्हती. आधी विकलेली माणसं आणि त्यांची लेकरं उसाच्या मळ्यांत तशीच राबत होती.

इथून पुढे या गोष्टीत बायका येतात. खरं तर आधीच आल्या होत्या. १७९१ मध्ये संसदेनं ठराव पाडला, तेव्हा इंग्लंडमधल्या हजारो घरांनी वेस्ट इंडीजची साखर बंद केली. मताचा अधिकार बायकांना नव्हता, पण साखरेचा डबा त्यांच्या हातात होता. क्लार्कसन नावाचा कार्यकर्ता तेव्हा गावोगाव हिंडत होता. त्याचा अंदाज असा की ३ लाख लोकांनी ती साखर सोडली. त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्ही कुणाला फटके मारले नाहीत, पण आमच्या चहातल्या चमच्यासाठी कुणीतरी मारतंय, मग तो चमचा आमच्याकडून आधी खाली ठेवू.

पुढे १८२५ साली बर्मिंगहॅमकडे बायकांचा पहिला मोठा गट निघाला आणि काही वर्षांत असे सत्तरहून अधिक गट झाले. त्या घरोघर जायच्या, पत्रकं वाटायच्या, वर्गणी गोळा करायच्या. त्या काळात साखरेची भांडी मिळायची, त्यांवर लिहिलेलं असायचं की ही साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी केलेली नाही. ईस्ट इंडिया म्हणजे आपला देश, मैत्रिणींनो. कंपनी सरकारच्या राज्यात आपला शेतकरी फार सुखात होता असं नाही, पण त्या बायकांना तेवढं कुठून कळणार! गंमत म्हणजे विल्बरफोर्सला बायकांनी असं घरोघर हिंडणं पसंत नव्हतं. बायकांनी त्याचं ऐकलं नाही.

लेस्टर गावच्या एलिझाबेथ हेरिक या बाईंनी तर पुरुषांच्या समितीलाच कोंडीत पकडलं. समिती म्हणायची, गुलामी हळूहळू बंद करू. हेरिकबाईंनी १८२४ साली पुस्तिका काढून विचारलं, हळूहळू का? चोरलेली वस्तू हळूहळू परत करतात का? १८३० मध्ये बायकांच्या गटांनी सांगितलं की 'हळूहळू' हा शब्द काढा, नाहीतर आमची वर्गणी बंद. समितीनं शब्द काढला. वर्गणी कुणाची आणि निर्णय कुणाचा, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

आणि १८३१ साली पहिल्यांदा दुखावलेल्या बाजूच्या एका बाईचा आवाज इंग्लंडमध्ये छापून आला. मेरी प्रिन्स. बर्म्युडा बेटावर गुलामीत जन्मलेली. ती लहान होती तेव्हा तिच्या आईनं स्वतःच्या हातानं पोरींना नवे कपडे घातले आणि बाजारात नेऊन उभं केलं, कारण मालकाचा तसा हुकूम होता. बहिणी वेगवेगळ्या घरी विकल्या गेल्या. मेरीनं वर्षानुवर्षं मिठागरात खाऱ्या पाण्यात उभं राहून काम केलं, पायांना फोड यायचे. पुढे अँटिगा बेटावर तिनं धुणं धुऊन, कॉफी आणि कंद विकून पैसे साठवले. कशासाठी, तर स्वतःलाच विकत घेण्यासाठी. मालकानं नकार दिला. आपल्यासारखीच बचत करणारी बाई, आणि समोरचा म्हणतो, तुझे पैसे मला नकोत, तू हवीस. १८२८ साली मालकानं तिला लंडनला आणलं तेव्हा ती घर सोडून निघाली. पण नवरा अँटिगात होता. परत गेली तर पुन्हा गुलाम, म्हणून ती जाऊ शकत नव्हती.

१८३३ साली गुलामी बंद करायचा कायदा झाला. त्यात भरपाईची तरतूद होती, २ कोटी पौंडांची. ब्रिटिश सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के. आता ऐका, ही भरपाई कुणाला मिळाली? मालकांना. त्यांची 'मालमत्ता' गेली म्हणून. सुटलेल्या जवळपास ८ लाख माणसांना एक पैसा मिळाला नाही. उलट १८३४ पासून आणखी चार वर्षं त्यांना शिकाऊ कामगार म्हणून त्याच मालकांकडे फुकट राबावं लागलं. सरकारनं या भरपाईसाठी काढलेलं कर्ज फिटता फिटता २०१५ साल उजाडलं. तोपर्यंत ते इंग्लंडच्या करदात्यांच्या पैशांतून फिटत होतं, आणि त्या करदात्यांत गुलामांची पणतवंडंही होती.

आणखी एक धागा आपल्याकडे येतो. गुलाम सुटल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते. ते हिंदुस्थानातून करारावर नेले. मॉरिशसला गेलेल्यांत मुंबई इलाख्यातले, कोकणातले मराठी लोकही होते. त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही तिथं गणपती बसवतात. एकाचा हिशेब चुकता केला नाही की त्याच वहीत दुसऱ्याचं नाव चढतं, ते असं.

आता आमची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी याच गटाच्या पेटीत १,४०० रुपये कमी भरले. किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांना आपण वहिनी म्हणू. तोंडावर कुणी चोर म्हटलं नाही, पण पुढच्या बैठकीत किल्ली काढून घेतली. वहिनींनी गट सोडला. नऊ महिन्यांनी वह्या तपासताना दिसलं की एकीच्या कर्जाचा हप्ता दोनदा जमा लिहिलाय. पैसे गेलेच नव्हते. वही आम्ही लिहिली होती, सचिव आणि समन्वयक मिळून.

आम्ही दोघी वहिनींच्या घरी गेलो, दिवस मावळल्यावर. ओटी भरली, हात जोडले. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या, झालं गेलं." त्याही रडल्या, आम्हीही रडलो. घरी येताना आम्हाला फार हलकं वाटलं. वहीत दुरुस्ती केली, पण कारण लिहिलं नाही. बैठकीत सांगितलं नाही. गावाच्या लेखी पैसे वहिनींनीच घेतले होते.

नाताळनंतर हे सगळं वाचून झालं तेव्हा आम्हाला त्या रात्रीचं हलकं वाटणं आठवलं आणि बरं वाटेना. जानेवारीच्या बैठकीत आम्ही चूक कुणाची, कधीची, किती रुपयांची, हे उभं राहून वाचलं आणि इतिवृत्तात लिहिलं. मग एकीनं विचारलं, त्या वर्षी वहिनींनी मुलीच्या कॉलेजसाठी कर्ज कुठून काढलं? बाहेरून, १०,००० रुपये, शेकडा पाचानं, दहा महिने. गटात शेकडा दोन पडलं असतं. महिन्याला ३०० रुपयांचा फरक, दहा महिन्यांचे ३,०००. हे पैसे गटाच्या दंडाच्या रकमेतून द्यावेत असं कुणी सुचवलं. आजी नको म्हणाल्या. ज्यांनी वही लिहिली त्यांनी भरायचे. आम्ही भरले.

या वेळी आम्ही दुपारी गेलो, शेजारणी ओट्यावर असताना. वहिनींनी पैसे घेतले, मोजले, पदराला बांधले. मग विचारलं, "बैठकीत वाचलं तेव्हा कोण कोण होतं?" आम्ही अकरा नावं सांगितली. गटात बारा जणी आहेत. वहिनींनी बारावीचं नाव घेतलं. गावभर बोलली होती ती तीच, आणि नेमकी त्या दिवशी ती माहेरी गेली होती.

ती सोमवारी परत आलीय. उद्या आम्ही इतिवृत्ताची वही घेऊन तिच्याकडे जाणार आहोत.